आउटलँडर घेऊ का स्वामी? एकच जाडजूड कादंबरी वाचायची असेल तर

मावसबहिणीनं परवा विचारलं, ताई, पावसाळ्यात एकच मोठी ऐतिहासिक प्रेमकथा वाचायची तर आउटलँडर घेऊ का स्वामी? मी दोन्ही वाचल्यात, स्वामी तर तीनदा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आउटलँडर डायना गॅबाल्डन यांची, १९९१ ची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय, क्लेअर नावाची नर्स नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला इन्व्हरनेसमधे फिरायला येते, उभ्या दगडांच्या रिंगणात जाते आणि तिथनं थेट १७४३ मधे. सुरुवातीलाच एक झोपडी आहे, एका तरुणाचा खांदा निखळलाय, बाकीचे गडी तो कसाही ओढून बसवायला निघालेत, आणि ही परकी बाई पुढं होऊन त्यांना थांबवते, त्याचा हात धरून बरोबर कोनात वळवते आणि खांदा जागेवर बसवते. तो जेमी. प्रेमाची सुरुवात अशी हातातल्या कामातनं होते, मला पुस्तकानं तिथंच धरलं.

आणि खरी ओढ पुढं आहे. १७४६ ला कलोडनच्या माळावर जेमीच्या या हायलँडवाल्यांचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या माणसांचा, लढाईत धुव्वा उडणार हे क्लेअरला माहीत असतं आणि ती माणसं तर तिच्याच पंगतीला बसून हसतखेळत जेवत असतात. स्वामी वाचताना नेमकं हेच आपलं होतं बघ. माधवराव १७७२ ला थेऊरला क्षयानं जाणार, रमाबाई सती जाणार, हे आपल्याला शाळेपासून पाठ, पण रमाबाईंना कुठं माहीत असतं? त्या आपल्या व्रतं करतायत, वाट बघतायत, आणि पान उलटताना आपलाच घसा दाटतो. तिकडं होणारं माहीत असलेली बाई धडपड करू शकते, इकडं आपण नुसतं बघत राहतो.

आता त्रासाचं. आउटलँडरची पेपरबॅक आठशे पानांच्या वर आहे, मधे किल्ल्यातली दोनेकशे पानं रेंगाळतात. संवाद स्कॉटिश वळणाचे, पुण्याच्या माणसाला आपली कोल्हापुरी रांगडी भाषा पहिल्यांदा ऐकताना होतं तसं होतं, पन्नास पानांनी कान बसतो. पण हे स्पष्टच सांगते, जेमी बायकोला पट्ट्यानं मारतो असा प्रसंग आहे आणि शेवटी तुरुंगातला छळ, लैंगिक अत्याचार फार तपशिलात आलाय, मी दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं होतं. मन आधीच नाजूक असेल तर आत्ता नको घेऊस. शिवाय एक संपवून सुटका नाही, मुख्य मालिकेत २०२१ पर्यंत ९ भाग झालेत.

स्वामी १९६२ ची, एकाच पुस्तकात पूर्ण. रणजित देसाई आपल्या कोवाडचे, चंदगडकडचे, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच कादंबरीला. भाषा अशी की मोठ्यानं वाचावी वाटते. पण निम्मं पुस्तक दरबार, राघोबादादांची कारस्थानं, मोहिमा यातच जातं, रमाबाईंचं मन आपल्याला वाड्याच्या उंबऱ्याआतनंच दिसतं. आणि सती जाण्याचा भाग ज्या भक्तिभावानं लिहिलाय तो आज बाई म्हणून वाचताना मला टोचतो, पहिल्यांदा कॉलेजात वाचलं तेव्हा टोचला नव्हता.

तुला हिशोबात सांगू? रोज इचलकरंजीहून एसटीनं येतेस-जातेस, त्या तासाभरात स्वामी तीन आठवड्यात होईल. आउटलँडरला दोन महिने धर, आणि ती गर्दीत वाचायची नाही, रात्री निवांत वाचायची. तरी तू नर्सिंग केलेली पोरगी, क्लेअर जखमा धुते, झाडपाला ओळखते, पेनिसिलीन नसताना काय करायचं याचा विचार करते, ते तुला माझ्यापेक्षा जास्त भिडणार, म्हणून मी तुझ्यासाठी आउटलँडरच म्हणेन. तुरुंगाचा भाग आला की आधी मला फोन कर, कुठली पानं सोडायची ते सांगते, गोष्ट तुटत नाही. स्वामी कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात कधीही मिळेल.