पंप की कॅप्सूलचा इनहेलर?

धुळीच्या ॲलर्जीने दमा झालाय, डॉक्टर म्हणतात दोन्ही चालेल, मग घ्यावं काय, असं शेजारच्या वहिनी विचारत होत्या. औषध बहुतेकदा तेच असतं. प्रश्न ते फुफ्फुसात किती पोचतं याचा आहे.

कॅप्सूलचं यंत्र स्वस्त आणि खिशात मावणारं. पण पावडर आत ओढायला जोराचा, खोल श्वास लागतो, आणि धाप लागलेली असताना तोच जमत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात कॅप्सूल दमट होऊन पावडर चिकटते, म्हणून ती वापरायच्या क्षणीच बाटलीतून काढावी.

पंप हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळकांड्याला, जोडला की दाबणं आणि श्वास घेणं यांचा अचूक मेळ साधावा लागत नाही. लहानग्याला मास्क लावता येतो. मात्र स्पेसर अवजड, सुरुवातीचा खर्चही जास्त. तो साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या; फडक्याने पुसला तर औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

स्टेरॉइड कशातूनही घ्या, नंतर खळखळून चूळ भराच.

लहान मुलं, थकलेले वृद्ध आणि अटॅकची वेळ यांसाठी स्पेसरसह पंप. दमदार श्वास ओढू शकणाऱ्या, सतत फिरतीवर असलेल्या मोठ्या माणसाला रोजच्या औषधासाठी कॅप्सूल सोयीची.