बुटक्या ट्रेलरचा टंग जॅक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टंग म्हणजे ट्रेलरचा गाडीला जोडायचा पुढचा दांडा, आणि तो वर-खाली करणारा तो टंग जॅक. ट्रेलर 3,500 पौंडांचा, बांधा बसका, जॅक 12 व्होल्टवर चालणारा. अमेरिकेत जॅक निवडताना बहुतेक जण आधी क्षमता बघतात. बसक्या ट्रेलरला मात्र आधी उंची बघावी.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. टंगवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार येतो, म्हणजे इथे 350 ते 525 पौंड. 2,000 पौंडांचा जॅकही चालला असता. पण वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (टंगचा भार गाडीच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटणाऱ्या जोडणीचे) बार चढवताना कपलरसोबत (गाडीच्या हिचवरच्या बॉलवर बसणाऱ्या टंगच्या टोकासोबत) गाडीची मागची बाजूही उचलावी लागते, म्हणून 3,500चा घेतला. मोटरवर कधीच ताण जाणवला नाही.

आता उंची. ट्रेलर समतल उभा करून, जॅक ज्या पट्टीवर बसतो तिथपासून जमिनीपर्यंत मोजा. इथे 14 इंच भरले. जॅक पूर्ण मिटल्यावर पट्टीखाली किती लोंबतो, तो आकडा यातून वजा करा. 11 इंच लोंबणारा जॅक घेतला तर जमिनीपासून 3च इंच उरतात; ड्राइव्हवेच्या उतारावर जॅकचा पाय घासतो, नळी वाकते आणि मग आतला स्क्रू अडकू लागतो. निदान 6 इंच मोकळे हवेतच. हा जॅक मिटल्यावर 7 इंच लोंबतो, तिथून आणखी 14 इंच खाली येतो, म्हणजे एकूण 21. बॉलवरून कपलर सोडवायला समतलाच्या वर 4-5 इंच लागतात, इथे 7 मिळतात. कमी पडलेच तर खाली लाकडी ठोकळा ठेवता येतो. जास्त लांब जॅकला मात्र उपाय नाही: पुढच्या बाजूला चढ असलेल्या जागेवर ट्रेलरचं नाक पुरेसं खाली जातच नाही. खालची पाटी पिन काढून सुटणारी असेल तर तेवढी जागा आणखी मिळते, अशीच घ्या.

बसवण्याआधी गाडीचं मागचं दार उघडून जॅकच्या डोक्याला लागत नाही ना, ते पाहा. टंगवरच्या गॅसच्या टाक्यांमुळे जॅक हाताने फिरवायचा दांडा अडत नाही, याचीही खात्री करा. बॅटरी उतरली की तोच कामाला येतो.

जॅक मध्येच थांबला तर मोटरला दोष देण्याआधी अर्थिंग तपासा. या जॅकचं अर्थिंग बोल्टमधून सांगाड्याला मिळतं, मध्ये रंगाचा थर राहिला की वीज नीट पोचत नाही. बोल्टखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर घाला. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर 30 अँपिअरचा फ्यूज हवा.

आणि चाकांना अडण्या लावल्याशिवाय कपलर कधीच सोडू नका. ट्रेलर दोन इंच जरी सरकला तरी सगळा जोर जॅकच्या नळीवर आडवा येतो.