तुर्की सुकं अंजीर: आत माशी असते का, आणि घ्यावं का

पाकिटावर नुसतं ‘तुर्की अंजीर’ लिहिलेलं असतं. आतला माल बहुतेक वेळा सारीलोप जातीचा असतो. पश्चिम तुर्कस्तानात आयदिनच्या आसपास, ब्युयुक मेंदेरेस नदीच्या खोऱ्यात ही जात पिकते. पातळ पिवळसर साल, मधासारखा गर आणि दाताखाली कुरकुरणाऱ्या भरल्या बिया ही तिची खूण. सुकवून खायच्या अंजिरांत आम्ही हिला सर्वांत वर ठेवतो. या चवीतला मोठा वाटा त्या बियांचा, आणि त्या बिया भरतात एका माशीमुळे.

अंजीर म्हणजे आत वळलेला फुलोरा. शेकडो फुलं आतल्या बाजूला, बाहेर उघडणारा फक्त देठासमोरच्या टोकाचा बारीक डोळा. सारीलोप हे स्मिर्ना प्रकारचं झाड आहे. त्याला नुसती मादीफुलं येतात आणि परागण झालं नाही तर फळ गोटीएवढं होऊन, सुकून गळतं. पराग मिळतो तो नर अंजिराच्या झाडावरून. त्याची फळं माणसं खात नाहीत. त्यात जेमतेम दोन मिलिमीटरची ब्लास्टोफागा सेनेस ही अंजीरमाशी वाढते. तिथल्या फुलांचे दांडे आखूड असल्याने मादीला अंडी घालता येतात. बिनपंखी नर आतच जन्मतो, मीलन करतो आणि आतच मरतो. मादी डोळ्याजवळच्या नरफुलांचा पराग अंगावर घेऊन बाहेर पडते. ती सारीलोपच्या फळात शिरली की फसते. डोळ्यातून आत घुसताना तिचे पंख तुटतात आणि तिथल्या फुलांचे दांडे लांब असल्याने अंडी घालायला तिची नळी पुरत नाही. पराग मात्र लागतो.

तुर्की शेतकरी हे वाऱ्यावर सोडत नाहीत. नर झाडाच्या फळांना ते ‘इलेक’ म्हणतात. जूनमध्ये ही फळं दोरीत ओवून, काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन खेपांत मादी झाडांवर टांगतात. कमी टांगली तर गळ होते. फार टांगली तर बिया जास्त धरतात, फळ फुगून तडकतं आणि आंबतं. शिवाय नर फळात बुरशी असेल तर माशी तीही सोबत नेते, म्हणून इलेक निरोगीच लागतात. पुढे फळ झाडावरच बरंचसं सुकून आपोआप खाली पडतं. ते वेचून उन्हात पूर्ण वाळवतात.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न: माशी पोटात जाते का? फळाच्या चिकात फायसिन असतं, ते प्रथिनं पचवतं. माशीच्या अंगाचा मऊ भाग त्यात विरघळू शकतो. ‘माशी पूर्ण नाहीशी होते’ हे मात्र आम्ही म्हणणार नाही, कारण कवच कायटिनचं असतं आणि फायसिन ते तोडत नाही. सूक्ष्म कण राहू शकतात. जैन परंपरेत उदुंबरवर्गातली पाच फळं वर्ज्य मानली आहेत. ज्यांना तो नियम पाळायचा आहे त्यांनी हे अंजीर घेऊ नये. बाकीच्यांनी एवढं जाणावं की कुरकुर बियांचीच असते. खात्री करायची तर एक अंजीर अर्धा तास कपभर कोमट पाण्यात भिजवून गर चोळा. परागण झालेल्या भरल्या बिया तळाशी बसतात, पोकळ बिया तरंगतात.

अंजिरात वळवळणारी पांढरी अळी दिसली तर ती अंजीरमाशीची नव्हे. ती सुक्या मेव्यावरच्या पतंगाची अळी, साठवणुकीत शिरलेली. जाळी आणि रवाळ विष्ठा दिसली की पाकीट दुकानात परत करा. उंबरात दिसणारी केंबरं ही तिसरीच गोष्ट: उंबराची स्वतःची वेगळी माशी असते.

घेताना आकडा पाहा. तुर्की प्रतवारी किलोमागे किती नग यावर असते. 36 ते 40 नग म्हणजे पहिला, सर्वांत मोठा आकार. रोज दुधात भिजवून खायला 56 ते 60 चा आकारही चवीत कमी नाही, मोठ्या आकाराचे जादा पैसे दिसण्याचेच. लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट (बुरशी रोखणारं परिरक्षक) असेल तर ते पाणी मुरवून मऊ केलेलं अंजीर, वजनात पाणी जास्त. फार पांढरंफटक दिसलं तर गंधकाची धुरी दिलेली असू शकते. लेबलवर 220 हा सल्फर डायऑक्साइडचा क्रमांक शोधा. सालीवरची पांढरी पूड कोमट पाण्यात विरघळली तर ती वर आलेली साखर, विरघळली नाही तर बुरशी समजा. खाण्यापूर्वी प्रत्येक अंजीर उघडा. आत काजळीसारखी काळी भुकटी किंवा आंबूस वास असेल तर सरळ फेका. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषासाठी तुर्कस्तानात अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली माल निवडतात, घरी तशी परीक्षा होत नाही. म्हणून सुट्या मालापेक्षा बॅच क्रमांक असलेलं बंद पाकीट घ्या. आणल्यावर उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवलं की अळीची अंडी मरतात. नंतर हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये.

पुरंदरच्या अंजिराशी याची तुलना करू नये. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या अंजिराला परागण लागतच नाही. त्यात माशी नसते, बिया पोकळ असतात आणि गर मऊ, रसाळ लागतो. ते ताजंच खावं, तोडल्यापासून दोन दिवसांत. सुकवल्यावर सारीलोपचा भरीवपणा त्याला येत नाही, आणि तो त्याचा दोष नव्हे.

‘स्मिर्ना’ किंवा ‘कॅलिमर्ना’ (सारीलोपचं कॅलिफोर्नियातलं नाव) नावाची रोपं ऑनलाइन विकली जातात, ती मात्र महाराष्ट्रात लावू नका. कॅलिफोर्नियात नेलेली स्मिर्नाची झाडंही वर्षानुवर्षं फळं गाळत होती. 1899 मध्ये तिथे माशी स्थिरावली तेव्हा पीक हाती आलं. आपल्या बागांत नर अंजीर लावत नाहीत, त्यामुळे या माशीला पिढी वाढवायला घर नाही, आणि उंबराची माशी हे काम करत नाही. परसात लावायला परागण न लागणारं पूना अंजीरच घ्या, पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो तेवढा सांभाळा.