केट शेपर्ड हाऊस, क्राइस्टचर्च: आईला घेऊन नक्की जा

क्राइस्टचर्चमध्ये राहून तीन वर्षं झाली तरी क्लाइड रोडवरचं हे घर बघायचं राहूनच गेलं होतं, यावेळी आई पुण्याहून आली आणि मुहूर्त लागला. बाहेरून बघाल तर शांत रस्त्यावरचं जुनं लाकडी घर, १८८८ सालचं. पण न्यूझीलंडच्या दहा डॉलरच्या नोटेवर जिचा चेहरा आहे ती केट शेपर्ड इथे १९०२ पर्यंत राहिली, आणि बायकांना मत मिळावं म्हणून जो अर्ज पार्लमेंटला गेला त्याची पानं तिने इथेच चिकटवली.

मला वाटायचं चळवळ म्हणजे भाषणं, मोर्चे. इथे आल्यावर कळतं की खरं काम किती कंटाळवाणं आणि चिकाटीचं होतं. देशभर बायका दारोदार फिरून सह्या गोळा करायच्या, ते कागद पोस्टाने इथे यायचे, ही बसून एकाला एक जोडायची आणि झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळायची. १८९१ ला ९ हजारांवर सह्या, पुढच्या वर्षी २० हजारांच्या आसपास, दोन्ही वेळा काम झालं नाही, तरी १८९३ ला परत सुरुवात, आणि यावेळी जवळपास ३२ हजार! मुख्य अर्जच २७० मीटर लांब. मी आईला म्हटलं हिशोब कर, तर तिने उभ्या उभ्या सांगितलं, "तेहतीसेक नऊवाऱ्या झाल्या की गं," आणि मग जरा थांबून, "एवढं चिकटवायला खळ किती लागली असेल!" तेव्हापासून मला तो अर्ज डोळ्यासमोर तसाच दिसतो, टेबलावर खळीचं भांडं आणि बाजूला वाढत जाणारी गुंडाळी.

बायकांच्या बाजूने उभे राहिलेले खासदार सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहात जमिनीवर सोडली तर ती उलगडत थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन आपटली म्हणे. तरीही वरच्या सभागृहात विधेयक २० विरुद्ध १८ एवढ्या थोडक्यात निभावलं, तेही पंतप्रधान सेडन यांच्या लुडबुडीला वैतागून विरोधातल्या दोघांनी बाजू बदलली म्हणून. १९ सप्टेंबर १८९३ ला कायदा झाला, इथल्या मूळच्या माओरी समाजातल्या बायकांनाही मत मिळालं. नोव्हेंबरात निवडणूक, म्हणजे नाव नोंदवायला जेमतेम काही आठवडे, तरी लाखाच्या वर बायकांनी नाव नोंदवलं आणि ९० हजारांवर बायका मत देऊन आल्या. हा आकडा ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खरंच.

आपल्याकडे मुंबई प्रांतात १९२१ ला मिळालं, तेही मालमत्तेच्या अटीवर, रमाबाई रानडे त्यासाठी झटल्या होत्या. आई रमाबाईंबद्दल बोलायला लागली ती परत येताना बसमध्ये पण थांबेना.

आमच्याकडून पाचपैकी पाच. आत पळत पळत बघू नका, दीड तास तरी हाताशी ठेवा, आणि कधी उघडं असतं ते वेबसाइटवर बघूनच निघा. बाग चुकवू नका, पांढरं कॅमेलिया हे त्या चळवळीचं फूल, पाठिंबा देणारे खासदार ते कोटाला लावायचे. खरा अर्ज मात्र इथे नाही, तो वेलिंग्टनला नॅशनल लायब्ररीत आहे. आईची परतीची फ्लाइट २२ तारखेला आहे, त्याआधी तिला तिकडे न्यायचंय.