कव्हर ब्लॉक: काँक्रीटचे घ्यावेत की पीव्हीसीचे?

कव्हर ब्लॉक म्हणजे सळई साच्यापासून ठरलेल्या अंतरावर धरणारा छोटा ठोकळा. त्यामुळे सळईबाहेर काँक्रीटचा जो थर राहतो, ते कव्हर. मशीनवर केलेले काँक्रीटचे कव्हर ब्लॉक आता बहुतेक ठिकाणी मिळतात. स्लॅब, बीम आणि फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) हेच वापरावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पीव्हीसीचे हलके असतात, लावायला सोपे, पण गुळगुळीत प्लास्टिकला काँक्रीट घट्ट धरत नाही. मग त्या बारीक फटीतून ओल सळईपर्यंत जाते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांना मात्र पीव्हीसीचं चाक, म्हणजे चाकाच्या आकाराचा ब्लॉक, चांगलं, कारण रिंगेवर दाबलं की बसतं. खाच रिंगेच्या मापाचीच घ्या. ८ मिमीच्या रिंगेवर सैल चाक चढवलं तर काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर लागताच ते घसरतं.

साइटवरच वाळू-सिमेंटचे ब्लॉक पाडणार असाल तर निदान सात दिवस पाण्यात ठेवा. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यायला हवा. खिळ्याने ओरखडल्यावर भुगा पडत असेल तर तो माल वापरू नका. खडीचे किंवा फरशीचे तुकडे तर नकोतच. सळयांची जाळी हलली की ते निसटतात आणि सळई थेट सेंट्रिंगवर, म्हणजे खालच्या साच्यावर टेकते.

काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे आडोशाच्या साध्या जागी स्लॅबला २० मिमी कव्हर लागतं, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. कोकण किनाऱ्यावर उघड्या भागाला ४५, खारे तुषार लागत असतील तर ५०. ठरलेल्यापेक्षा १० मिमी जास्त झालं तर चालतं, कमी झालेलं अजिबात चालत नाही.

मशीनच्या काँक्रीट ब्लॉकबद्दल तक्रार एकच. एकाच ब्लॉकला २० आणि २५ अशी दोन मापं असतात, आणि घाईत सळई बांधणारा फिटर हाताला येईल ती बाजू लावतो. काँक्रीट ओतण्यापूर्वी टेप लावून बघा. ८ मिमीच्या जाळीला पाऊण मीटरवर एक ब्लॉक हवा, नाहीतर मधे झोळ पडतो. ब्लॉकच्या तारेची टोकं आत वळवा. ती साच्याला टेकली तर पुढे तिथेच गंजाचे डाग उमटतात.

कव्हर ब्लॉक खालचं लोखंड सांभाळतो, वरचं नाही. बाहेर काढलेल्या गॅलरीत आणि छज्जात सगळा भार वरच्या सळईवर असतो, आणि नेमकी तीच पायाखाली दबते. १०० मिमीच्या गॅलरीत ८ मिमीची सळई वरून २० कव्हर ठेवून बसवली, तर तिचा मध्य तळापासून ७६ मिमीवर येतो. ती २५ मिमी दबली की उरतात ५१, म्हणजे ताकद जवळपास एक तृतीयांशाने गेली. खालून बघून यातलं काही कळत नाही. पुढे भिंतीलगत वरच्या बाजूने चीर धरते तेव्हा कळतं. म्हणून ब्लॉकबरोबरच १० किंवा १२ मिमीच्या सळईच्या चेअर (वरची सळई उचलून धरणारे वाकवलेले आधार) करून घ्या, मीटरभर अंतरावर बांधा, आणि घमेली वाहणाऱ्यांसाठी जाळीला न टेकणाऱ्या फळ्या टाका.