बनरॅटी की ऑखनानूर?

आयर्लंडमधील उत्तर मध्ययुगीन गढ्यांपैकी एकच पाहण्याइतका वेळ असणाऱ्यांना या दोन नावांत निवड करणे जड जाते. दोन्ही संरक्षित राष्ट्रीय स्मारके आहेत. जतनाची रीत मात्र निराळी.

पंधराव्या शतकात मॅकनमारा घराण्याने बांधलेली आणि पुढे ओब्रायन घराण्याकडे गेलेली बनरॅटीची गढी 1950च्या दशकात तिचे तेव्हाचे मालक लॉर्ड गॉर्ट यांनी दुरुस्त करून जुन्या काळच्या लाकडी सामानाने सजवली. त्यामुळे सरदाराचे दालन कसे दिसत असेल हे लगेच उमगते. पण हे सामान बाहेरून जमवलेले आहे, हे विसरता कामा नये. लॉख कॉरिब या सरोवराजवळची ऑखनानूर ही ओफ्लाहर्टी घराण्याची सहा मजली गढी जवळजवळ रिकामी आहे, आणि म्हणूनच तिथे भिंती वाचता येतात. मेजवानीच्या दालनाचा बराचसा भाग खालची पोकळी खचून नदीत कोसळला. उरलेल्या भिंतीतील खिडक्यांवर द्राक्षवेलीची पाने आणि घोस आजही कोरलेले दिसतात. माझ्या मते एवढ्यासाठीही वाट वाकडी करावी.

तिकीट ऑखनानूरचे बरेच स्वस्त आहे, मात्र ती हिवाळ्यात बंद असते. बनरॅटी शॅनन विमानतळाजवळ असल्याने सोयीची, पण गर्दीची. अरुंद चक्राकार जिने दोन्हीकडे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

मुले सोबत असतील किंवा त्या काळचे राहणीमान पाहायचे असेल, तर बनरॅटी निवडावी. बांधकाम आणि संरक्षणरचना शांतपणे अभ्यासायची असेल, तर ऑखनानूर.