हायाबुसावर ब्रेम्बो एम-४ कॅलिपर: वर्षभराच्या वापरानंतर, आणि एका चुकीच्या बोल्टनंतर

वर्षभरापूर्वी माझ्या सुझुकी हायाबुसा मोटरसायकलला ब्रेम्बो कंपनीचे एम-४ कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, बसवले. आधी बोल्टबद्दल लिहितो, कॅलिपरबद्दल मागाहून. कॅलिपर वर्षभर उत्तम चालले. धोका निर्माण केला तो बोल्टने, आणि ज्यांना हे काम करून घ्यायचं आहे त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचावं.

ब्रेकची नळी कॅलिपरला ज्या पोकळ बोल्टने जोडतात तो बॅन्जो बोल्ट. एम-४ ला तो १० मिमी व्यासाचा आणि १.० पिचच्या (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) आट्यांचा लागतो. टोकिको, निस्सिनसारख्या जपानी कॅलिपरना बहुतेक वेळा १० मिमीचाच, पण १.२५ पिचचा. दोन्ही हातात घेतले तर सारखेच दिसतात. डोकं सारखं, जाडी सारखी, तांब्याचे वॉशरसुद्धा तेच. जाड आट्यांचा बोल्ट बारीक आट्यांच्या भोकात दोन-तीन फेरे सुखाने जातो आणि मग अडकतो. तिथे हात थांबला तर ठीक. पान्हा लावून जोर दिला तर बोल्ट पोलादी आणि कॅलिपर ॲल्युमिनियमचा, त्यामुळे आटे कोणाचे जाणार हे वेगळं सांगायला नको. शिवाय बोल्ट बसल्यासारखा वाटतो, लिव्हरही पहिल्या दिवशी कडक लागतं. वॉशर मात्र नीट दाबला गेलेला नसतो.

माझ्या बाबतीत हेच झालं. पावसाळ्याआधी पुढच्या शॉकअपचं ऑइल सील बदलायला गाडी एका गॅरेजला दिली. या कामात कॅलिपर काढावे लागतात, पण ब्रेकची नळी उघडायची काहीही गरज नसते. कॅलिपर तारेने हँडलला टांगून ठेवायचा, नळीवर भार येऊ द्यायचा नाही, आणि काम झालं की परत बसवायचा. त्यांनी दोन्ही नळ्या उघडल्या. डाव्या बाजूचा बोल्ट कुठेतरी गहाळ झाला आणि डब्यातून दुसरा जपानी बोल्ट काढून मारला. मला सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात कात्रजच्या सिग्नलला ब्रेक धरून उभा होतो, तर लिव्हर बोटाखाली हळूहळू आत जायला लागलं. खाली वाकून पाहिलं तर डावा कॅलिपर ओला. तिथून गाडी टेम्पोत घालून घरी आणली. ब्रेक ऑइल डिस्कपर्यंत आणि पॅडपर्यंत पोचलं होतं, म्हणजे डाव्या बाजूचे पॅडही बाद.

आता गाडीबद्दल थोडक्यात. दुसऱ्या पिढीची, एबीएस नसलेली हायाबुसा, सेकंडहँड घेतलेली. या गाडीच्या ब्रेकचा इतिहास वाचकांना ठाऊक असेलच: १९९९ च्या पहिल्या पिढीला टोकिकोचे सहा पिस्टनचे कॅलिपर आणि ३२० मिमीच्या डिस्क, २००८ ला १३४० सीसीच्या इंजिनासोबत टोकिकोचेच चार पिस्टनचे रेडियल (मागच्या बाजूने बोल्टने बसणारे) कॅलिपर आणि ३१० च्या डिस्क, २०१३ ला ब्रेम्बोचे मोनोब्लॉक (एकसंध, जोड नसलेले) कॅलिपर आणि एबीएस, २०२१ ला ब्रेम्बोचेच स्टाइलेमा कॅलिपर आणि पुन्हा ३२० च्या डिस्क. गाडीचा पसारा पाहता कंपनीने ब्रेकवर दर वेळी हात फिरवला यात नवल नाही. पेट्रोल भरून २६० किलो, वर मी, मागे बायको, सॅडल बॅगा. आंबेनळी घाटात महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना हे सगळं वजन दोन बोटांवर येतं.

टोकिकोला मी नावं ठेवणार नाही. माझी गाडी आधी बरीच वर्षं समुद्राजवळच्या इमारतीखाली उभी होती आणि खाऱ्या हवेने पिस्टनवर बारीक खड्डे पडले होते. सगळे पिस्टन, सगळे सील, वर मजुरी, हा खर्च मांडून पाहिला तेव्हा तो इतका झाला की जुन्यावर ओतण्यापेक्षा आणखी भर घालून नवं घ्यावं असं ठरवलं. पैसा जपून वापरणारा माणूस आहे मी. पण ब्रेकच्या बाबतीत 'चालतंय तोवर चालवू' हे मला मान्य नाही.

एम-४ ची १०८ मिमी अंतराची जोडी घेतली. १०० आणि १०८ अशी दोन अंतरं मिळतात. शॉकअपवरच्या दोन बोल्टभोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजूनच ऑर्डर द्यावी. या पिढीच्या हायाबुसाला १०८ थेट बसतात, ब्रॅकेट लागत नाही. जोडी पाऊण लाखाच्या पुढे गेली, सोबत सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले) पॅड होते. खोक्यातल्या कार्डावरचा कोड खरवडून कंपनीच्या साइटवर तपासला, तो जुळल्यावरच पैसे दिले. नकली ब्रेम्बो बाजारात भरपूर आहेत आणि कॅलिपरच्या बाबतीत नकली म्हणजे सरळ अपघात.

एक गोष्ट पुणेकर म्हणून सांगाविशी वाटते. ब्रेम्बो इटलीतल्या बेर्गामोजवळची, १९६१ ची कंपनी. पण तिचाच बायब्रे हा ब्रँड आपल्या चाकणला तयार होतो आणि केटीएमपासून कितीतरी गाड्यांवर बसतो. आपल्या इथली पोरं ते ब्रेक बनवतात याचा मला अभिमान आहे. एम-४ मात्र इटलीहून येतो आणि सीमाशुल्काचा फटका बसतो तो तिथेच.

मी मुद्दाम टप्प्याटप्प्याने गेलो. आधी फक्त कॅलिपर, स्टीलच्या जाळीच्या नळ्या आणि नवं ब्रेक ऑइल. मूळ मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हरजवळचा ऑइल ढकलणारा पंप, तसाच. कशाने काय फरक पडतो ते वेगवेगळं कळायला हवं होतं.

पहिले काही आठवडे नाराजीचे गेले. एम-४ चे पिस्टन ३४ मिमीचे. २०१३ च्या हायाबुसावर कंपनीकडून आलेल्या ब्रेम्बोचे ३२ मिमीचे. दोन मिमीचा फरक ऐकायला किरकोळ, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं: ३४ चा वर्ग ११५६, ३२ चा १०२४, म्हणजे जवळपास १३ टक्के जास्त. तेवढं जास्त ऑइल तेवढ्याच पंपाने ढकलायचं, म्हणून लिव्हर जास्त आत येतं. ताकद कमी लागते, पण प्रवास लांबतो. गाडी थांबत होती, छान थांबत होती, तरी पहिल्या सेंटीमीटरभरात काही घडतंय असं वाटत नव्हतं. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी 'घेऊ नका' म्हणालो असतो.

दोन गोष्टींनी मत बदललं. पहिली म्हणजे पॅड बसणं. सिंटर्ड पॅड नव्या डिस्कवर किंवा जुन्या डिस्कवर, दोन्हीकडे घासून बसवावे लागतात: साठच्या वेगावरून वीसपर्यंत हळूहळू दाब वाढवत उतरायचं, पूर्ण थांबायचं नाही, तापलेल्या पॅडने डिस्क दाबून उभं राहायचं नाही, मध्ये वारा लागू द्यायचा, आणि पुन्हा. सासवड रस्त्याला एका पहाटे हे शांतपणे केलं आणि त्यानंतर पकड वेगळीच झाली. दुसरी गोष्ट म्हणजे पंप.

ब्रेम्बोचा १९ आरसीएस पंप. पिस्टन १९ मिमीचा, आणि लिव्हरवरच्या स्क्रूने तरफेचं अंतर १८ किंवा २० मिमी करता येतं. २० वर लिव्हर कडक आणि प्रवास कमी, १८ वर मऊ आणि प्रवास जास्त. एकट्याने जाताना मी २० वर ठेवतो. बायको मागे असताना १८, कारण मग दाब इतका हळुवार वाढवता येतो की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटत नाही. तिने स्वतःहून विचारलं, ब्रेकचं काही केलंस का म्हणून. माझ्या लेखी यापेक्षा मोठी पावती नाही. पंपाबरोबर एक कटकट मात्र येते: ब्रेक लाइटचा स्विच वेगळा घ्यावा लागतो, ऑइलची डबीही वेगळी. स्विच जोडल्याशिवाय एक मीटरही गाडी चालवू नका. मागच्याला तुम्ही थांबताय हे कळलंच पाहिजे.

आता खरा फरक काय, ते स्पष्ट सांगतो. गाडी कमी अंतरात थांबते का? कोरड्या डांबरावर एका जोरदार ब्रेकमध्ये फार नाही, कारण शेवटी पकड टायरची असते आणि चांगल्या अवस्थेतले टोकिकोही टायरला त्याच्या हद्दीपर्यंत नेतात. फरक आहे तो त्या हद्दीच्या अलीकडे. वरंध घाटात वळणाच्या आत पोचल्यावर समोर एसटी दिसली की ब्रेक अर्धवट सोडायचा, थोडा धरायचा, पुन्हा सोडायचा असतो. तिथे बोटाने जेवढं मागितलं तेवढंच मिळतं. सोडतानासुद्धा. एकाच तुकड्यात ओतलेला कॅलिपर दाबाखाली सहज फाकत नाही, त्यामुळे घाट संपेपर्यंत लिव्हर होतं तिथेच राहतं.

यात ऑइलचा वाटा मोठा आहे आणि लोक तो विसरतात. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पण पाणी शोषल्यावर किमान १५५. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात वापर असेल, तर दरवर्षी बदला. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात कधीही घालू नका. डॉट ५.१ चालतं.

मोनोब्लॉकची एक खोड आहे. दोन तुकड्यांचा कॅलिपर उघडून पिस्टन आरामात काढता येतात, हा उघडत नाही, म्हणून साफसफाई पॅड काढून, पिस्टन थोडे बाहेर आणून, दात घासायच्या मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने करावी लागते. आंबेनळीच्या लाल चिखलानंतर मी हे त्याच आठवड्यात करतो. घाण लागलेले पिस्टन तसेच मागे ढकलायचे नाहीत, नाहीतर सील कापले जातात. माझे अजूनही मोकळे सरकतात.

परत त्या बोल्टकडे. गॅरेजच्या मालकांशी पहिलं बोलणं फोनवर झालं. "साहेब, बाहेरचा माल लावला की असं होतंच," हे त्यांचं उत्तर. मग मी गाडी उघडून, बोल्ट, कॅलिपर आणि थ्रेड गेज (आट्यांची पिच मोजायच्या पात्या) घेऊन तिथे गेलो. गेज बोल्टवर लावला, १.२५ ची पाती चपखल बसली. उजव्या बाजूचा बोल्ट घेतला, १.० ची. त्यांच्याच जुन्या मिस्त्रींनी गेज हातात घेऊन पुन्हा लावून पाहिला आणि मालकांना म्हणाले, "चूक आपली आहे." त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. मालक मात्र टॅप मारून आटे साफ करून देतो, हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून देतो, यावर अडून राहिले. ब्रेकच्या कॅलिपरमध्ये मी हे होऊ देणार नव्हतो. तिथे दाबाखालचं ऑइल असतं, साइड पॅनेलचा स्क्रू नसतो. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक त्यांना पाठवला, त्यानंतर त्यांनी अर्धा खर्च दिला. नवा डावा कॅलिपर यायला बरेच आठवडे गेले आणि तोवर गाडी उभी. अर्धा पैसा माझाच गेला, याचा राग अजून आहे. पहिल्यांदा गाडी मला परत देण्याआधी त्यांनी लिव्हर काही मिनिटं दोरीने हँडलला बांधून ठेवून सांधे पाहिले असते, तरी गळती गॅरेजमध्येच दिसली असती.

घरच्या घरी तपासायचं असेल तर गेजही लागत नाही. खात्रीचा एक बोल्ट घ्या, संशयित बोल्ट त्याला आडवा चिकटवा, आटे एकमेकांत अडकवा आणि उजेडाकडे धरा. पिच एक असेल तर फट दिसत नाही. लांबीही बघा: जास्त लांब बोल्ट तळाला टेकतो आणि वॉशर सैल राहतो. बोल्ट नेहमी आधी बोटांनी पूर्ण आत जायला हवा, पान्हा फक्त शेवटच्या कसणीला, आणि तीही टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच कसणाऱ्या पान्ह्याने. वॉशर दर वेळी नवे. १.० चे बोल्ट मला नाना पेठेत मिळाले, गेज खिशात ठेवून दुकानं पालथी घातल्यावर. जादा घेऊन ठेवले, एक जोडी गाडीच्या टूलकिटमध्ये आहे.

घ्यावेत का? जुने कॅलिपर ठणठणीत असतील तर आधी चांगले पॅड, नव्या नळ्या आणि ताजं ऑइल, एवढ्यात पाचवा हिस्साही खर्च होत नाही आणि बराचसा फायदा मिळतो. कॅलिपर खरंच गेले असतील, किंवा जोडीने घाट उतरणं नेहमीचं असेल, तर एम-४ घ्या आणि पंपाचे पैसे त्याच वेळी बाजूला काढा. मूळ पंपावर यांची निम्मीच ओळख होते.

सध्या माझं लक्ष डिस्कवर आहे. सिंटर्ड पॅड डिस्क लवकर झिजवतात, असा माझाही अनुभव होऊ लागलाय. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजली तर अजून वाव आहे. दिवाळीनंतर पुन्हा मोजेन आणि इथेच खाली आकडे टाकेन.